जागल्या आणि तिसरी घंटा

जागल्याने चारचौघांत पहिल्यांदा बोंब मारली ती बरोबर तिसऱ्या घंटेला.

केतकी आवटी तेव्हा रंगमंचाच्या पाया पडून विंगेकडे निघाली होती. अंगावर नऊवारी, डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, हातात काठी. नाटकाचं नाव ‘आजी नाही म्हणते’, आणि अडतिशीची केतकी त्यातली ऐंशीची आजी. पडदा उघडतो तेव्हा आजीची शोकसभा चालू असते. फोटोला हार घालून गावकरी भाषणं ठोकत असतात, आणि आजी मागच्या दाराने येऊन विचारते, “कोण म्हणतं मी मेले?” या एका वाक्यावर सांगलीचा प्रेक्षक हशा आणि टाळ्या एकदमच देऊन टाकायचा.

त्या दिवशी ते वाक्य म्हणायची वेळच आली नाही. तिसरी घंटा झाली आणि केतकीच्या पोलक्याआड, गळ्याच्या हाडाखाली चिकटवलेली नखाएवढी पट्टी कर्कश शिट्टी वाजवू लागली. त्याच क्षणी पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या, परागच्या, फोनवर लाल अक्षरं उमटली : ‘फिटचा धोका. रुग्णाला आडवं करा.’ पराग धडपडत पायऱ्या चढला, पडद्याच्या फटीतून आत घुसला, आणि “अरे, काय करतोयस?” असं केतकी म्हणेपर्यंत त्याने तिला कुशीवर निजवलंसुद्धा. टोप घरंगळला. इकडे पडदा ओढणाऱ्याचा हात सवयीचा. तिसरी घंटा झाली म्हणजे पडदा उघडायचा, एवढंच त्याला ठाऊक. त्याने उघडला.

प्रेक्षकांना दिसलं ते असं : शोकसभेतले गावकरी भांबावलेले, आजी आडवी, तिचे केस तिच्यापासून हातभर लांब, आणि चौकटीचा शर्ट घातलेला एक माणूस तिच्या कानाशी “घाबरू नकोस, मी आहे” म्हणतोय. लोकांना वाटलं, यंदा सुरुवात बदलली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

केतकीला फिट आलीच नव्हती. ती पडल्या पडल्या नुसती संतापली होती.

जागल्या हे त्या पट्टीला कंपनीने दिलेलं नाव. पूर्वी गावात रात्री गस्त घालणाऱ्याला जागल्या म्हणत, म्हणून. नाव झकास होतं आणि कामही अगदीच टाकाऊ नव्हतं. फिट म्हणजे मेंदूतलं विजेचं वादळ. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक ठिणग्यांनी बोलत असतात, एरवी आपापल्या पाळीने. कधीकधी मात्र एका कोपऱ्यातल्या सगळ्याजणी एकदम ओरडू लागतात आणि ती ओरड पसरत जाते. हृदयाचा लगाम ज्या भागाच्या हातात असतो, तिथवर ही गडबड पोचली की पुष्कळदा माणूस पडण्याच्या आधीच त्याची नाडी उधळते. मेंदूत डोकवायचं तर डोक्याला तारा लावाव्या लागतात. नाडी छातीवरच्या पट्टीलाही कळते. म्हणून जागल्या मेंदूवर पहारा ठेवायचा तो हृदयाच्या दाराशी बसून.

केतकीला कॉलेजात असल्यापासून फिट यायची. गोळ्या चालू होत्या, तरी वर्षातून दोन-तीनदा ती कोसळायचीच. शुद्धीवर येताना नाकाशी कधी फोडलेला कांदा असायचा, कधी कुणाची तरी चप्पल. “सांगली-मिरजेतल्या निम्म्या चपला मी हुंगल्यात,” असं ती हसून सांगायची. पराग हसत नसे. त्याने एकदा न्हाणीघराचं दार फोडून तिला बाहेर काढलं होतं. तेव्हापासून ती आंघोळीला गेली की हा हळदीच्या वखारीचा मालक, ज्याच्या एका शब्दावर बाजारात सौदे व्हायचे, दाराबाहेर पेपर उलटा धरून बसायचा. जागल्या आला आणि पराग पुन्हा माणसात आला. एकदा तर गॅसपाशी उभ्या असलेल्या केतकीला जागल्याने खरोखरच वेळेवर सावध केलं. तिने गॅस बंद केला, खाली बसली, आणि मग फिट आली. हे उपकार ती कधी नाकारत नसे.

पण नटाची तिसरी घंटा काय असते, हे जागल्याला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या घंटेला नट आरशात बघतो, दुसरीला पाणी मागतो आणि तिसरीला त्याच्या छातीत ढोल वाजतो. ज्याच्या वाजत नाही त्याने खुशाल दुसरा धंदा बघावा, असं त्यांच्या नाट्यसंस्थेचे दिग्दर्शक नाना कुंभोजकर म्हणत. भीतीने उधळलेली नाडी आणि वादळाने उधळलेली नाडी, दोन्ही जागल्याच्या लेखी एकच. दर प्रयोगाला तिसरी घंटा आणि दर घंटेला शिट्टी. पट्टीवरचा हिरवा दिवा पिवळा झाला. आणि नाट्यगृहाच्या विम्याची अट अशी, की जागल्यावर नाव नोंदलेल्या कलावंताचा दिवा हिरवा असल्याशिवाय त्याने रंगमंचावर पाऊल ठेवायचं नाही. पट्टी काढून फेकली तर दिवा तांबडा धरायचा. सगळ्या वाटा आधीच बंद केलेल्या.

“एवढंच ना?” नाना म्हणाले. सत्तरी ओलांडलेला हा माणूस कुठल्याही संकटाला आधी एवढंच ना म्हणायचा. त्यांनी खिशातून सुपारीची डबी काढली. तिच्यात सुपारी नव्हती, गोळ्या होत्या. “ही घे. अर्धी. पहिल्या घंटेच्या आधी घ्यायची.”

“कसली आहे?”

“छाती गप्प बसवायची. रक्तदाबवाले घेतात ती. अगं, आमच्या पिढीतले निम्मे नायक या अर्ध्या गोळीवर उभे राहिले. हात थरथरला की अर्धी. वाक्य आठवेना की अर्धी. काही होत नाही.”

नाटकवाल्यांची ही जुनीच खोड. विंगेत कुणाच्या तरी डबीत ती गोळी असायचीच, आणि ती एकमेकांना खडीसाखरेसारखी वाटली जायची. कुठल्याही पेढीवरचा कारकून हृदयाची गोळी अशी मागून खाणार नाही. नट खातो. त्याला तिसरी घंटा गाठायची असते.

केतकीने घेतली. घंटा झाली आणि छातीत काहीच झालं नाही. ढोल नाही, ताशा नाही. जागल्या गप्प. ती मागच्या दाराने आली, वाक्य म्हणाली, टाळ्या घेतल्या. पुढे तालमीतही धडधड नको म्हणून ती रोजच घेऊ लागली. दिवा हिरवा झाला. परागने न्हाणीघराबाहेर बसायचं सोडलं. सकाळी वखारीत जाताना तो चक्क शीळ घालू लागला. लग्नाआधी घालायचा, तशी. केतकीला वाटलं, आपण जिंकलो.

मग एका दुपारी तालमीच्या हॉलमध्ये तिला जाग आली ती नानांच्या कोल्हापुरी चपलेच्या वासाने. जीभ चावली गेली होती. अंग कुणी कुटून काढल्यासारखं दुखत होतं. नाना शेजारी उकिडवे बसले होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. केतकीने आधी मान वाकवून पट्टी बघितली.

दिवा हिरवा होता. हिरवागार.

“वाजलीच नाही गं,” नाना म्हणाले. “तू आडवी झालीस, हातपाय झाडलेस, आणि ही आपली गप्प.” मग जरा वेळाने, तिच्याकडे न बघता, “कुणाला बोलू नकोस. दौरा तोंडावर आलाय.”

ती बोलली नाही. घरी जाऊन परागला सांगितलं, जीभ जेवताना चावली. त्याने फोन बघितला आणि म्हणाला, “पण छान आहेस तू.” तिला त्याची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. लाज जास्त वाटली.

महिनाभर तिने ती लाज गिळली. पुढेही गिळली असती. पण मग ती औषधाच्या दुकानात गेली. तिच्या पुढे एक गृहस्थ उभे होते, हातात शाळकरी पोरीच्या औषधांचा कागद. दुकानदाराला सांगत होते, “या फिटच्या गोळ्या राहू देत आता. त्या छातीच्या द्या. बातमी नाही बघितली काय?”

बातमी सगळ्यांनीच बघितली होती. कंपनीने लाखो जागल्यांच्या नोंदी चाळल्या होत्या. बीटा-ब्लॉकर नावाच्या गोळ्या, म्हणजे रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या त्या जुन्या, स्वस्त गोळ्या घेणाऱ्यांत फिटचे इशारे निम्म्यावर आले होते. कंपनी लवकरच त्याच औषधाची नवी गोळी काढणार होती. फिटवरची म्हणून.

केतकीने त्या गृहस्थांची बाही धरली. “काका, पोरीच्या गोळ्या बंद करू नका.”

“तुम्ही डॉक्टर काय?”

“नाही.”

“मग तुम्हाला काय माहीत?”

माहीत होतं. तिच्याइतकं त्या दुकानात कुणालाच माहीत नव्हतं. पण ‘मला फिट येते’ हे तीन शब्द काही केल्या तोंडातून बाहेर पडेनात. तिने बाही सोडली आणि तिथून तडक रिक्षा करून मिरज गाठली.

डॉ. रूथ जाधव मिरजेतल्या एका जुन्या दवाखान्यात मेंदूचे आजार बघायच्या, आणि जागल्याच्या नोंदींवर अभ्यास करणाऱ्या मंडळातही होत्या. बाई साठीच्या, आवाज खणखणीत. केतकीने सगळं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“गोळी कोणी दिली?”

“आमच्या नानांनी.”

“नाना डॉक्टर?”

“दिग्दर्शक.”

“वा! मग आमच्या वॉर्डबॉयला नाटक बसवायला सांगते उद्या. अगं, दमा असता तर? नाडी मुळात मंद असती तर? खडीसाखर आहे काय ती?” मनसोक्त रागावून झाल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “आता ऐक. घाबरलीस की अंगात ॲड्रिनलीन सुटतं. हृदयावर त्याच्या बसायच्या ठरलेल्या जागा आहेत, त्यांना बीटा म्हणतात. ते तिथे बसलं की हृदय पळतं. ही गोळी काय करते, एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकतो ना, तशी त्या जागा आधीच धरून ठेवते. ॲड्रिनलीन येतं, गाडी भरलेली बघतं, उभं राहतं. हृदय शांत.”

“आणि मेंदू?”

“तोच तर प्रश्न. यातल्या काही गोळ्या मेंदूपर्यंत पोचतात. तिथेही अशा जागा आहेत. काहीजणांचं वादळ त्यांनी खरंच शमत असेल. मी नाही म्हणत नाही. पण कंपनीने फिट मोजल्या कशाने? जागल्याने. जागल्या ऐकतो कुणाचं? हृदयाचं. आणि गोळीने गप्प कुणाला केलं?”

केतकी सावकाश म्हणाली, “म्हणजे फिट कमी झाल्या, की पहारेकऱ्याच्या कानात बोळे गेले, हे कुणालाच माहीत नाही.”

“कुणालाच नाही. मला पण नाही. वर्षभर हेच लिहून पाठवतेय, तर म्हणतात, मॅडम, आकडे बघा.” रूथबाईंनी टेबलावर बोटं वाजवली. “मला असं माणूस पाहिजे होतं, की ज्याची नाडी फिटशिवायही हमखास उधळते, आणि ज्याला फिटही येते. त्याचा मेंदू आणि हृदय एकाच वेळी टिपायचं, गोळी देऊन आणि गोळी न देता. शोधून मिळत नाही असं कुणी. तू चालत आलीस. पण आधीच सांगते, नोंदीत खरी फिट आली की दिवा तांबडा. वर्षभर स्टेज बंद. मला ते लपवता येणार नाही, आणि येत असतं तरी मी लपवलं नसतं.”

केतकी खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर दवाखान्याच्या आवारात लोक डबे उघडून जेवत होते. हो म्हटलं तर आजी गेली. नाही म्हटलं तर ती शाळकरी पोर, जिचं नावही तिला माहीत नव्हतं, ती कुठल्यातरी जिन्यावर कोसळणार, आणि छातीवर दिवा हिरवा असणार.

“माझा टोप घट्ट बसतो,” ती म्हणाली. “त्याच्याखाली तुमच्या तारा मावतील का?”

परागला तिने वखारीतच सांगितलं, भर दुपारी, हमालांना चहाला पाठवून. तो हळदीच्या पोत्यावर बसला.

“म्हणजे मी ज्या दिव्यावर झोपत होतो तो खोटा होता.”

“हो.”

“आणि तुला ठाऊक होतं.”

“शेवटचा महिनाभर.”

“मी न्हाणीघराबाहेर बसायचं सोडलं, केतकी. काही झालं असतं म्हणजे? मी शीळ घालत होतो. तू आत पडली असतीस आणि मी बाहेर शीळ घालत असतो.”

“चुकलं माझं,” ती म्हणाली. मग तिलाही राहवेना. “पण एक सांग, इतक्या महिन्यांत एकदा तरी ‘कशी आहेस’ म्हणून विचारलंस? फोन बघायचास आणि मलाच सांगायचास, छान आहेस. मी समोर उभी असायचे रे. माझ्याकडे बघायचास कुठे?”

पराग उठला आणि वजनकाट्याकडे गेला. दोन आठवडे तो कामापुरतंच बोलला. न्हाणीघराबाहेर पेपर घेऊन मात्र पुन्हा बसू लागला.

तालमी सुरू झाल्या. पांढऱ्या टोपाखाली तारांची जाळीदार टोपी, छातीवर जागल्याच्या शेजारी रूथबाईंची वेगळी पट्टी, आणि रोज पाकिटातून एक गोळी, कधी खरी, कधी नुसत्या पिठाची. फिटच्या नेहमीच्या गोळ्या चालूच. घंटा खरी पाहिजे, असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून संस्थेचे व्यवस्थापक मुजावर तालमीलाही तिन्ही घंटा रीतसर द्यायचे. ओळखीची चार माणसं प्रेक्षक म्हणून बसवायचे. नाना रोज यायचे आणि पहिल्या दिवसापासून त्यांनी ती डबी घरी ठेवली होती. एकदा टोप सारखा करताना त्यांचा हात केतकीच्या डोक्यावर जरा जास्त वेळ राहिला.

आणि एका दिवशी दुसऱ्या अंकात, चुलीपुढच्या प्रवेशात, केतकी आडवी झाली. जागल्या हूं की चूं न करता तसाच हिरवा. या वेळी कुणी चप्पल काढली नाही. मुजावरांनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी दिली आणि वाट बघितली. पाकीट उघडलं तेव्हा कळलं, त्या दिवशीची गोळी खरी होती.

रूथबाईंनी पडद्यावर दोन आलेख शेजारी शेजारी लावले. दोन्हींत वरची रेघ मेंदूची, खालची हृदयाची. पहिला पिठाच्या गोळीचा दिवस, तिसरी घंटा : खालची रेघ चौखूर उधळलेली, वरची दुपारी झोपलेल्या गावासारखी निवांत. दुसरा त्या फिटचा दिवस : वरच्या रेघेच्या चिंध्या चिंध्या झालेल्या, आणि खालची रेघ बाजारात भाजी घ्यायला निघाल्यासारखी चाललेली. केतकी बघतच राहिली. इतकी वर्षं जे तिला कधी दिसलं नव्हतं, नुसतं सोसलं होतं, ते पहिल्यांदा तिच्यासमोर उभं होतं. तिला रडू आलं नाही. तिला त्याला खडसावून विचारावंसं वाटलं, हेच का तू?

कंपनीचा माणूस संगणकाच्या पडद्यावरून बोलला. तरुण, नम्र, केस नीट विंचरलेले. “मॅडम, एका बाईवरून काही सिद्ध होत नाही.”

“नाहीच होत,” रूथबाई म्हणाल्या. “गोळी वाईट आहे असंही मी म्हणत नाही. पण तुमचे लाखो आकडे एकाच गोष्टीवर उभे आहेत, की जागल्या गप्प म्हणजे फिट नाही. ते खोटं ठरवायला एक बाई पुरते. आता तारांची टोपी घालून हजारो माणसं तपासा आणि मग काय ते बोला. आणि तोवर गोळ्या बंद करू नका म्हणून लोकांना सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर आम्ही दोघी सांगू. हिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.”

कंपनीने नवी गोळी पुढे ढकलली. चालू गोळ्या बंद करू नका, असं पत्रकही काढलं, बारीक अक्षरांत. आणि त्याच दिवशी, नियमाला अगदी धरून, केतकीचा दिवा तांबडा केला.

नाट्यगृहाने हात जोडले. आमचा नाइलाज आहे, ताई. विमा आहे. नानांनी खाली बघत विचारलं, वर्षभरासाठी दुसरी आजी उभी करूया का?

“आजी नाही म्हणते,” केतकी म्हणाली.

कुणी हसलं नाही, कारण ती हसत नव्हती. “मी गोळी चोरून खात होते तेव्हा दिवा हिरवा होता. तेव्हा मी सगळ्यांना चालत होते. आज मी खरं बोलले, तर तांबडा. मी गाडी चालवत नाही, विहिरीत उडी टाकत नाही. मी फळ्यांवर उभी राहून बोलते. पडले तर फळ्यांवर पडेन, उठेन, आणि राहिलेलं वाक्य म्हणेन. माझ्या छातीत घंटेला धडधडतं ते माझं आहे, नाना. त्यावर कंपनीचा शिक्का मी घेणार नाही. प्रयोग होईल. कुठे, ते सांगा.”

तेवढ्यात दारातून आवाज आला, “वखार रिकामी आहे.”

पराग कधी येऊन उभा राहिला होता, कुणी बघितलं नव्हतं. अंगावर तोच चौकटीचा शर्ट, हळदीने पिवळा पडलेला. “हंगाम संपलाय. माल गेलाय सगळा. आणि विम्याचं म्हणाल, तर वखारीचा विमा हळदीचा आहे. नटांचं त्यात काही लिहिलेलं नाही.” मग केतकीकडे बघून, “पट्टी तेवढी राहू दे अंगावर. मला सवय झालीय.”

“गोळी घेणार नाहीये मी. बोंबलेल ती.”

“बोंबलू दे.”

रविवारी दुपारी वखार भरली. पोत्यांच्या घड्या करून लोक जमिनीवर बसले होते. उठताना प्रत्येकाचा पार्श्वभाग पिवळा होणार होता आणि त्याबद्दल आधीच विनोद चालू होते. पडदा म्हणजे ताडपत्री. विजेची घंटा नाट्यगृहात राहिलेली, म्हणून मुजावरांनी भाच्याच्या शाळेतून पितळी टोल उचलून आणला होता.

पहिल्या टोलाआधी केतकी ताडपत्रीपुढे आली. नऊवारी होती, टोप नव्हता.

“मला फिट येते,” ती म्हणाली.

तीन शब्द. वखारीच्या पत्र्यावर जाऊन आपटले आणि खाली आले. कुजबुज थांबली.

“आज येईलच असं नाही. आली तर चप्पल हुंगवायची नाही, तुमच्या चपला मला माहीत आहेत. हातात किल्ली द्यायची नाही, तोंडात काही घालायचं नाही. आमची माणसं मला कुशीवर वळवतील आणि थांबतील. तुम्हीही थांबा. लवकर आवरलं नाही, तर डॉक्टर इथेच बसल्यात. ज्यांना बघवणार नाही त्यांनी आत्ताच जावं, राग नाही. आणि ज्यांच्या घरात कुणाला येते, त्यांनी गोळ्या बंद करू नका. हिरव्या दिव्यावर तर मुळीच विसंबू नका.”

मध्यावर एक गृहस्थ उठून उभे राहिले. केतकीने ओळखलं. औषधाच्या दुकानातले. शेजारी दोन वेण्यांची एक पोर बसली होती.

“हे त्या दिवशी दुकानात का नाही सांगितलं, ताई?”

“घाबरले होते.”

“आणि आज?”

“आजही घाबरलेय.”

लोक हसले. गृहस्थही हसले. “गोळ्या चालू आहेत पोरीच्या,” ते म्हणाले. “बाही ओढलीत तुम्ही. कुणी उगाच कशाला बाही ओढेल, म्हटलं. होऊ द्या नाटक.” पोरीने त्यांचा शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं.

पहिला टोल झाला. केतकीने आरशात बघून टोप चढवला. दुसऱ्याला पाणी प्याली. मग ताडपत्रीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, आणि मुजावरांनी तिसरा टोल दिला.

छातीत ढोल वाजला. ताशा वाजला. आपलं माणूस घरी आल्यासारखं तिला वाटलं. आणि पोलक्याआड जागल्याने शिट्टी फुंकली, कानठळ्या बसतील अशी.

पराग दोन पावलांवर होता. त्याच्या हातातला फोन लाल झाला, थरथरला, ओरडू लागला. केतकीने ते बघितलं. आता हा धावेल, आता हा मला निजवेल, असं तिला वाटलं. तो पुढे आलाही. पण फोनकडे त्याने बघितलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, कितीतरी वेळ, डोळ्यांत डोळे घालून.

“कशी आहेस?”

“घाबरलेय.”

“नुसती घाबरलीस ना?”

तिने नीट स्वतःच्या आत बघितलं आणि मग सांगितलं, “नुसती.”

परागने तो ओरडणारा फोन शेजारच्या रिकाम्या पोत्यात टाकला आणि वर पोत्यांची चवड रचली. फोन आत गुरगुरत राहिला. पोलक्याआडची शिट्टी चालूच होती. पलीकडे शोकसभा रंगात आली होती, गावकऱ्याचं भाषण संपत आलं होतं, “अशी आजी पुन्हा होणे नाही” म्हणून तो गळा काढत होता. परागने ताडपत्रीची कड उचलून धरली.

केतकीने काठी टेकली, पाठीत वाकली, आणि शिट्टी वाजत्या छातीनेच उजेडात गेली.

“कोण म्हणतं मी मेले?”